दिव्याचा जामीन

ज्वालाग्राही वायू आणि बाष्पे हाताळणाऱ्या कारखान्यांत धोक्याची सूचना देणारा जो दिवा भिंतीवर उंच लावलेला असतो, ओतीव धातूचे अवजड कवच, जाड काचेचा घुमट आणि त्यावर लोखंडी जाळी असा ज्याचा एकंदर थाट असतो, त्याच्याविषयी एक समजूत मी माझ्या सबंध नोकरीत ऐकत आलो, ती अशी की, हा दिवा ‘फ्लेमप्रूफ’ असल्यामुळे त्याच्या आत वायू शिरूच शकत नाही. ही समजूत केवळ नवशिक्या मजुरांची नव्हती. पदवीधर अभियंते, हिशेब खात्यातील मंडळी, आणि क्वचित पाहणीस येणारे वरिष्ठ अधिकारीही ती मनोभावे बाळगून असत. वस्तुस्थिती तिच्या अगदी उलट आहे. दिवसा उन्हाने आणि दिव्याच्या स्वतःच्या उष्णतेने कवचातली हवा प्रसरण पावून बाहेर जाते, रात्री कवच निवले की बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि त्या हवेत वायू मिसळलेला असेल तर तोही निमूटपणे आत जाऊन बसतो. कवच घडवणाऱ्याने हे गृहीतच धरलेले असते. आत वायू जाईल, ठिणगी पडेल, प्रसंगी स्फोटही होईल. परंतु त्या स्फोटाने कवच फुटणार नाही, आणि झाकण व कवच यांच्या सांध्यातील अरुंद फटीतून जे तप्त वायू बाहेर पडतील ते धातूच्या दोन पृष्ठभागांमधून सरकताना इतके निवतील की बाहेरच्या वायूला पेटवण्याचे सामर्थ्य त्यांच्यात उरणार नाही, एवढीच त्याची प्रतिज्ञा असते. या दिव्याची सगळी अब्रू त्या फटीत साठवलेली आहे.

ही युक्ती जुनी आहे. १८१५ साली हंफ्री डेव्ही यांनी इंग्लंडातील कोळशाच्या खाणींसाठी जो दिवा सिद्ध केला, त्यात ज्योतीभोवती तारेच्या बारीक जाळीचे वेष्टन होते. खाणीतला वायू जाळीतून आत जाई, आत जळेही, परंतु जाळीच्या तारा त्या ज्वालेची उष्णता शोषून घेत, सबब ती बाहेर पसरत नसे. पुढे विजेची यंत्रे खाणीत उतरू लागली तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतील खाण-अभियंते कार्ल बायलिंग यांनी बंदिस्त कवचांवर आणि त्यांच्या सांध्यांवर प्रयोग करून हेच तत्त्व विजेच्या साधनांना लागू केले. त्यानंतर प्रयोगशाळांनी वायूगणिक मोजमापे बसवली. २५ मिलिमीटर लांबीच्या फटीतून मिथेनची ज्वाला पलीकडे जाऊ नये यासाठी फट फार तर १.१४ मिलिमीटर रुंद चालते. इथिलीनच्या बाबतीत ती ०.६५ वर येते, आणि हायड्रोजनच्या बाबतीत ०.२९च्या आसपास. हे तीन आकडे मी आमच्या खात्यात येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलाकडून पाठ करून घेत असे. मुले कुरकुरत, पण घेत असे.

माझी नोकरीची वर्षे ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्याच्या विद्युत खात्यात गेली. या कारखान्यात हायड्रोजनेशनचा एक विभाग होता: उंच शेड, मध्यभागी दाबाखाली चालणारी रिॲक्टरे, एका अंगास द्रावकांच्या टाक्या. द्रावकांची बाष्पे हवेहून जड असल्यामुळे ती चरांच्या आणि खड्ड्यांच्या आश्रयास जातात. हायड्रोजन सर्व वायूंत हलका असल्यामुळे गळताच छताकडे धाव घेतो. म्हणून वायू हुंगणारी डिटेक्टरे जमिनीलगतही होती आणि छताखालीही. दिवे मात्र शेडच्या कोणत्याही कोपऱ्यातून नजरेस पडावेत म्हणून सगळे उंचावरच होते. याचा अर्थ असा की, हायड्रोजन गळलाच तर जिथे तो प्रथम साचणार, नेमक्या त्याच जागी त्याची वर्दी देणारा दिवा टांगलेला. हवेत शेकडा ४ इतका हायड्रोजन भरला की मिश्रण पेटू शकते, आणि शेकडा ७५ पर्यंत ते पेटतेच राहते. पेटवण्यास लागणारी ऊर्जा तर इतकी अल्प की अंगाला जाणवणारही नाही अशी स्थिर विजेची ठिणगी पुरते. भरीला त्याची ज्वाला दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही.

आमचे त्या वेळचे दिवे झेनॉन नळीचे होते. अशा दिव्यात एक कपॅसिटर शेकडो व्होल्टपर्यंत भरत जातो, काही हजार व्होल्टचा एक क्षणिक झटका नळीतील वायूला वाहक करतो, आणि साठलेली सारी वीज एकदम नळीतून जाऊन डोळे दिपवणारा प्रकाश पडतो. मिनिटाला साठ वेळा हे घडते. दर सेकंदास एक लहानशी वीज कडाडवणारे यंत्र खुशाल हायड्रोजनच्या वाटेत टांगायचे, या कल्पनेत काहीतरी उद्धटपणा आहे असे मला प्रथम वाटले होते, आणि अजूनही पूर्णपणे वाटेनासे झालेले नाही. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमधील भार काही मिनिटे टिकून राहतो, म्हणून कवचावर ‘वीज बंद केल्यावर अमुक मिनिटे थांबून उघडावे’ अशी सूचना कोरलेली असते. ती वाचणारा विरळा.

इशारा देणारे साधन स्वतःच घातक ठरू शकते, ही भीती पुस्तकी नव्हे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. चौकशीत निर्णायक कारण सिद्ध झाले नाही. तथापि ज्या गोष्टींवर संशय गेला त्यांत विजेच्या घंटीची संकेतयोजना होती, जिच्यात दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवून इशारा दिला जाई. बॅटरीवर चालणाऱ्या असल्या क्षीण विजेला तोवर जाणकारही निरुपद्रवी समजत. तिच्या ठिणगीनेही खाणीतला वायू पेटू शकतो हे त्या काळच्या प्रयोगांनी दाखवून दिले, आणि ठिणगी पडली तरी ती पेटवण्याइतकी सबळ असूच नये अशा बेताने मंडल रचण्याचे शास्त्र त्यातून निघाले.

आता आमच्या खात्याची हकीकत. शेडच्या विस्ताराच्या वेळी काही नवे दिवे मागवले होते. ते भांडारात दाखल झाले, कारकुनाने नग मोजून पावती दिली, आणि लावण्यासाठी ते माझ्याकडे आले तेव्हा मी नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे नामपट्टी वाचली. पट्टीवर वायुगटाचा उल्लेख होता ‘टू-बी’. हायड्रोजनला ‘टू-सी’ लागतो. दोहोंचे बाह्य रूप जवळपास सारखेच. किमतीत मात्र लक्षणीय अंतर, आणि निविदेत सर्वांत कमी दर मान्य करण्याचा खरेदी खात्याचा नियम. मी दिवे परत पाठवले तेव्हा त्या खात्याचे अधिकारी स्वतः येऊन म्हणाले, “अहो, दोन्हींवर फ्लेमप्रूफच लिहिलंय. एका अक्षरासाठी काम अडवायचं?” ते अक्षर म्हणजे ०.६५ आणि ०.२९ यांतील अंतर आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटले असे मला वाटत नाही. दिवे परत गेले, काम लांबले, आणि विलंबाबद्दल माझ्याकडून लेखी कैफियत मागवण्यात आली. ती मी दिली. तिचे पुढे काय झाले ते कळले नाही.

त्या अधिकाऱ्यांस दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या फाइलीत दाखले होते, आणि दाखला हीच त्यांच्या लेखी वस्तू होती. आपल्याकडे अशा साधनांचा नमुना धनबादच्या खाण संशोधन संस्थेत जातो. तिथे कवचात स्फोटक मिश्रण भरून ते पुनःपुन्हा पेटवतात, बाहेरचे मिश्रण पेटत नाही ना हे पाहतात, कवचावर दाब देऊन त्याची ताकद अजमावतात. मग त्या अहवालावरून नागपूरच्या मुख्य स्फोटक नियंत्रकांच्या कार्यालयाची मान्यता मिळते. ही व्यवस्था चोख आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु धनबादला जो नमुना गेला तो नवा होता, त्याचे झाकण जाणत्या हाताने लावलेले होते, आणि त्याच्यावर ठाण्याच्या खाडीवरून येणारा पाऊस पडलेला नव्हता.

पाऊस हा या दिव्यांचा मोठा शत्रू. स्फोट कोंडून धरणारे कवच पाणीही अडवतेच असे नाही. त्यासाठी निराळी तजवीज करावी लागते, आणि ती सैल पडली की जूनच्या अखेरीस घुमटाच्या तळाशी पाणी डुचमळू लागते, काच आतून धुरकट होते, आणि दिवा बंद पडल्याची तक्रार रात्रपाळीच्या वहीत येते. यावर जो तो आपापल्या बुद्धीप्रमाणे उपाय करी. कोणी सांध्यावर सिलिकॉन थापी, कोणी एम-सील भरी, कोणी सगळ्या दिव्यालाच प्लॅस्टिकची पिशवी बांधून वर सुतळी आवळी. पिशवीने दिवा कोंदून तापतो, एवढेच. सिलिकॉन आणि एम-सील मात्र मुळावर घाव घालतात. ज्या सांध्याची परीक्षा झाली तो सांधाच मग उरत नाही, आणि पुढच्या खेपेस झाकण उघडताना वाळलेला लगदा छिन्नीने खरवडला की गुळगुळीत पृष्ठभागावर जे ओरखडे उठतात त्यांतून ज्वालेला वाट मिळते. सिलिकॉनचा आणखी एक गुण आमच्या उशिरा ध्यानात आला. तप्त मण्यावर चालणाऱ्या वायुशोधक डिटेक्टरांना सिलिकॉनची बाष्पे मारक असतात. मणी हळूहळू बधिर होतो, वायू आला तरी त्यास कळत नाही, आणि वर त्याच्या दर्शकावर शून्य असे समाधानकारक वाचन दिसत राहते. म्हणजे पावसापासून दिवा वाचवण्याच्या नादात त्या दिव्याला खबर देणाराच आंधळा होत होता.

रंगाऱ्यांविषयी न लिहावे तेच बरे, पण लिहितो. वार्षिक पाहणीची तारीख ठरली की कारखान्यात रंगारी अवतरत, आणि जे जे स्थिर उभे असेल त्या सर्वांवर करडा रंग फिरवत. सांध्यांत रंग, बोल्टांच्या डोक्यांवर रंग, नामपट्टीवर तर हटकून रंग. एका वर्षी घुमटाच्या काचेवरही कोणी हात मारला होता. नामपट्टी रंगली की तो दिवा कोणत्या गटाचा, त्याच्या कवचाचे तापमान कुठवर चढते, यातले काहीच कळण्याचा मार्ग उरत नाही. पाहणीस आलेल्या साहेबांनी मात्र विभागाच्या टापटिपीची प्रशंसा केली.

या सगळ्या अनास्थेत एक अपवाद होता, तो आमच्या खात्यातील एका वयस्क फिटरचा. त्यांना सगळे मामा म्हणत. शिक्षण बेताचे, इंग्रजी नामपट्टी ते अक्षरे ओळखून वाचत. परंतु दिव्याचे झाकण लावावे तर त्यांनीच. आधी परमिट हातात घेऊन स्वतः वीज तोडल्याची खातरजमा करीत, मग घड्याळ पाहून कपॅसिटर रिता होईपर्यंत खाली उभे राहत, मग शिडी चढत. हायड्रोजनच्या विभागातील दिव्यांची झाकणे पेचाची होती. मामा दोन्ही बाजूंचे आटे स्वच्छ फडक्याने पुसून घेत, अंगठ्याचे नख त्यांवरून फिरवून कुठे खरचटले आहे का ते पाहत, कारखानदाराने सांगितलेले न सुकणारे ग्रीस अगदी पातळ लावत, आणि मग बरणीचे झाकण बसवताना घरातली जाणती बाई करते तसे ते प्रथम उलटे फिरवीत. आटा आट्यात उतरल्याची बारीकशी जाणीव हाताला झाली की मगच सुलटे. निदान पाच आटे पुरे बसले पाहिजेत, हा नियम त्यांना मी शिकवला नव्हता. तो त्यांना आधीच ठाऊक होता, आणि मी पुस्तकात वाचला होता. शेवटी झाकण सैल होऊ नये म्हणून असणारा बारीक स्क्रू ॲलन-कीने आवळीत, केबलचा ग्लँड हाताने हलवून बघत, आणि न वापरलेल्या तोंडात वाहतुकीसाठी घातलेले प्लॅस्टिकचे बूच तसेच राहिलेले दिसले तर ते उपटून खिशात टाकत व त्या जागी धातूचा प्रमाणित प्लग बसवीत. असली बुचे त्यांच्या खिशातून खाली टेबलावर ओतली जात तेव्हा मला लाज वाटे, कारण ते दिवे कागदोपत्री सर्व परीक्षांतून उत्तीर्ण झालेले असत.

एका दिव्यास त्यांना अर्धा तास लागे. शटडाऊनच्या दिवसांत पर्यवेक्षकांना हे परवडत नसे; ठेकेदाराची पोरे तेवढ्या वेळात दोनतीन दिवे ‘उरकीत’. एकदा पर्यवेक्षकाने त्यांना सर्वांदेखत घाई केली तेव्हा मामा शिडीवरूनच म्हणाले, “साहेब, उशीर झाला तर मला बोल लावा. झाकण मात्र मी माझ्या हातानं सैल सोडणार नाही.” पर्यवेक्षक निघून गेले. त्या दिवसाच्या नोंदवहीत तपासणाऱ्याच्या रकान्यात पर्यवेक्षकांचीच सही आहे, मंजुरीच्या रकान्यात माझी आहे, आणि ज्याने झाकण लावले त्याचा उल्लेख कुठेही नाही, कारण छापील नमुन्यात तसा रकानाच नव्हता. तो घालावा असे मी वर लिहून पाहिले. नमुना मुख्य कचेरीतून ठरून येतो, त्यात फेरफार करण्याचा अधिकार स्थानिक अंमलदारास नाही, असे उत्तर आले. त्यानंतर मी शेऱ्याच्या जागेत पेन्सिलीने मामांच्या नावाचे आद्याक्षर घालू लागलो.

दिव्याच्या रंगाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आमच्याकडे हायड्रोजनचे प्रमाण कनिष्ठ स्फोटमर्यादेच्या शेकडा २० वर गेले की नारिंगी दिवा, शेकडा ४० वर गेले की तांबडा, अशी योजना होती. नारिंगीला तपास करायचा, तांबड्याला विभाग सोडायचा. शेडच्या दुरुस्तीनंतर दिव्यांची चाचणी घेतली तेव्हा तांबडा दिवा लागला, सगळे बाहेर पडले, आणि एक जुने, अतिशय दक्ष म्हणून नावाजलेले ऑपरेटर मात्र शांतपणे वाहिनीचे जोड तपासत आतच राहिले. संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतले, आणि म्हणाले की, त्यांना नारिंगी आणि तांबडा यांतला भेद कधीच दिसलेला नाही. इतकी वर्षे ते डावा दिवा की उजवा दिवा एवढेच पाहत आले होते. दुरुस्तीत ठेकेदाराने जागा उलट केल्या होत्या. नोकरी जाईल या भयाने हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते. मीही ते कोणाच्या दप्तरी नोंदवले नाही. तांबड्या दिव्याची लुकलुक दुप्पट वेगाची केली, त्याच्याबरोबर भोंगा वाजेल अशी जोडणी केली, आणि दिव्यांच्या जागा नकाशावर कायम करून टाकल्या. या सुधारणेचा लाभ पुढे सर्वांनाच झाला, कारण झेनॉनच्या पांढऱ्या प्रकाशातला बराच भाग तांबडी काच गिळून टाकते, आणि भर दुपारी तांबडा दिवा धडधाकट डोळ्यांनाही फिकाच दिसे.

कारण नसताना लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्रश्न निराळा, आणि तो यंत्राचा कमी, माणसांचा अधिक. बिघडलेल्या डिटेक्टरमुळे एखादा दिवा दिवसेंदिवस पेटलेला राहिला की लोक त्याच्याखालून डबे घेऊन जेवायला जातात. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री वस्तीला ऐकू जाणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला होता. लहानसहान गळतीपायी लोकांत घबराट नको, असा त्यामागे विचार होता. इशाऱ्याची किंमत अशा दोन्ही टोकांनी खलास होते.

आता झेनॉन मागे पडून एलईडीचे दिवे आले आहेत. त्यांत हजारो व्होल्टचा झटका नाही, उष्णता कमी, रंग मुळातच रंगीत निघत असल्यामुळे काचेत वाया जात नाही, आणि काही तर इतक्या अल्प ऊर्जेवर चालतात की त्यांना जाड कवचाची गरजच नसते. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु मोठ्या प्रकाशाचे जे दिवे आजही ओतीव कवचातच येतात, त्यांची झाकणे आजही माणूसच लावतो.

मामा निवृत्त झाले, त्यांच्या मागोमाग काही वर्षांनी मीही झालो. त्यांच्या जागी कायमचा फिटर नेमला गेला नाही. ते काम ठेक्याने दिले जाऊ लागले, आणि ठेक्याचा दर दिव्यामागे ठरलेला असल्यामुळे जो अर्धा तास घेईल तो उपाशी राहील अशी व्यवस्था आपोआप झाली. अशा साधनांची तपासणी तज्ज्ञाच्या सल्ल्याखेरीज तीन वर्षांपलीकडे लांबवू नये असे मानक सांगते, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पालनही होते. नोंदवह्या भरलेल्या असतात, सह्या जागच्या जागी असतात. तरीही धनबाद आणि नागपूरच्या दाखल्यानंतर त्या दिव्याचा खरा जामीन असतो तो शिडीवरचा माणूस, आणि त्याचे नाव कागदावर नसते. कारखान्यांच्या व्यवस्थापकांस, विशेषतः ठेक्याच्या मजुरांकडून ही कामे करवून घेणाऱ्यांस, माझी विनंती आहे ती एवढीच: नोंदवहीत झाकण लावणाऱ्याच्या सहीसाठी एक रकाना ठेवावा, ते नीट लावण्यास लागणारा अवधी त्याला द्यावा, आणि त्या अवधीची मजुरी कापू नये.